अल्प पाऊस आणि वाहते पाणी : ओवेन्स खोऱ्याचा इतिहास आणि मेरी ऑस्टिन यांचे प्रदेशलेखन

प्रास्ताविक

प्रादेशिक साहित्याची चर्चा करताना ‘प्रदेश’ ही संज्ञा बहुधा गृहीत धरली जाते. बोली, चालीरीती, भूदृश्य आणि लोकजीवन यांची बेरीज म्हणजे प्रदेश, अशी ढोबळ समजूत त्यामागे असते. या समजुतीत प्रदेशाला भूगोल असतो, इतिहास मात्र क्वचितच असतो. निसर्ग हा स्थिर पडद्यासारखा मागे उभा आणि माणसे त्याच्यापुढे वावरणारी, अशी विभागणी होऊन जाते. प्रत्यक्षात डोंगर, माती, पाणी, वनस्पती आणि माणसे यांचे परस्परांशी असलेले नाते सतत बदलत असते; आणि ते बदलते तेव्हा कोणी तरी काही मिळवते व कोणी तरी काही गमावते. म्हणून प्रदेशाचे वर्णन ही केवळ सौंदर्याची बाब राहत नाही. ‘ही जमीन ओसाड आहे’ हे विधान वर्णन म्हणून केले जाते आणि हक्क म्हणून वापरले जाते.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याच्या पूर्व कडेला असलेले ओवेन्स खोरे हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. या खोऱ्यावर मेरी ऑस्टिन (१८६८–१९३४) यांनी ‘द लँड ऑफ लिटल रेन’ हे पुस्तक १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत या खोऱ्याचे पाणी दूरच्या लॉस एंजेलिस शहराकडे नेण्याची योजना जाहीर झाली आणि पुस्तकातील प्रदेश हळूहळू पुस्तकापुरताच उरला. ऑस्टिन यांच्या शीर्षकाचा अर्थ ‘अल्प पावसाची भूमी’ असा होतो. त्याच खोऱ्याला तेथील मूळ रहिवासी पायाहूनाडू म्हणतात. त्याचा अर्थ ‘जिथे पाणी सतत वाहते ती भूमी’. एकाच भूमीची ही दोन नावे वरवर परस्परविरोधी आहेत. त्यांतील अंतर समजून घेणे म्हणजे या प्रदेशाचा मानवी व निसर्ग-इतिहास समजून घेणे होय. प्रस्तुत लेखात प्रथम हा इतिहास पाहून, त्याच्या प्रकाशात ऑस्टिन यांच्या प्रदेशलेखनाचे सामर्थ्य आणि मर्यादा यांचा विचार केला आहे.

१. खोऱ्याची घडण

ओवेन्स खोरे उत्तर-दक्षिण पसरलेले, सुमारे ७५ मैल लांबीचे आणि तुलनेने अरुंद आहे. पश्चिमेस सिएरा नेव्हाडाची उभी भिंत आणि पूर्वेस व्हाइट व इन्यो पर्वतांच्या रांगा. दोन्ही बाजूंना १४ हजार फुटांवरील शिखरे आहेत आणि खोऱ्याचा तळ सुमारे ४ हजार फुटांवर आहे. दोन्हीकडचे पर्वत वर उचलले गेले आणि मधला भूभाग खचला, अशी ही प्रस्तरभंगातून झालेली रचना आहे. ही प्रक्रिया थांबलेली नाही. २६ मार्च १८७२ च्या पहाटे झालेल्या भूकंपात लोन पाइन हे गाव जमीनदोस्त झाले आणि २७ माणसे दगावली. जमिनीला त्या वेळी पडलेली पायरी गावाजवळ आजही दिसते.

प्रशांत महासागरावरून येणारे बाष्प सिएराच्या पश्चिम उतारावर आणि माथ्यावर रिकामे होते. पूर्वेकडचे खोरे पर्जन्यछायेत राहते आणि त्याच्या वाट्याला वर्षाकाठी पाच-सहा इंच पाऊस येतो. सह्याद्रीच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्याचा अनुभव असलेल्या वाचकाला ही रचना अपरिचित वाटणार नाही. फरक असा की येथील माथ्यावर पाऊस नव्हे, बर्फ साठते. हे बर्फ वसंतापासून वितळू लागते आणि डझनावारी ओढ्यांनी खाली उतरते. त्यामुळे आकाशातून जवळजवळ काहीच न मिळणाऱ्या या खोऱ्याला जमिनीवरून भरपूर पाणी मिळत असे. हे ओढे ओवेन्स नदीला मिळत आणि नदी दक्षिणेकडे वाहत जाऊन सुमारे शंभर चौरस मैलांच्या ओवेन्स सरोवरात विसावत असे. या सरोवराला समुद्राकडे वाट नव्हती. पाण्याची वाफ होई, क्षार मागे राहत. माशांना हे पाणी मानवत नसे. परंतु क्षारमाशीच्या अळ्या-कोष त्यात अमाप होत आणि स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचे थवे त्यांवर पोसले जात.

अल्प पाऊस आणि वाहते पाणी ही दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य कशी, याचे उत्तर या रचनेत आहे. आकाशाकडे पाहणाऱ्याला येथे वाळवंट दिसते. जमिनीकडे पाहणाऱ्याला ओढे दिसतात. पुढचा सारा संघर्ष कोणाची दृष्टी ग्राह्य धरायची, याचा आहे.

२. पाण्याची पहिली व्यवस्था

स्वतःला नूमू म्हणवणारे आणि बाहेरच्या जगाला पायूट या नावाने परिचित असलेले लोक या खोऱ्याचे दीर्घकाळचे रहिवासी आहेत. पर्वतावरील पिन्यॉन पाइनच्या बिया, सरोवरातील क्षारमाशीचे कोष, पाइन वृक्षांवरील पँडोरा पतंगाच्या अळ्या, नदीतील मासे, ससे, हरणे आणि खोऱ्यातील कंदमुळे हे त्यांचे अन्न होते. उंचीनुसार आणि ऋतूनुसार बदलणारा हा आहार पाहिल्यावर, डोंगरमाथ्यापासून सरोवरापर्यंतचा संपूर्ण आडवा छेद हेच त्यांचे घर होते, हे ध्यानात येते.

याहून लक्षणीय बाब म्हणजे त्यांची पाटव्यवस्था. मानववंशशास्त्रज्ञ ज्यूलियन स्ट्यूअर्ड यांनी १९३० व १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतून तिचे वर्णन उपलब्ध आहे. आजच्या बिशप गावाजवळच्या ओढ्यावर वसंतऋतूत दगड, झुडपे आणि चिखल यांचा बांध घालून पाणी पाटाने कुरणावर सोडले जाई. या कामाची देखरेख करणारा माणूस दरवर्षी लोक निवडत. ओढ्याच्या उत्तरेचे आणि दक्षिणेचे असे दोन पट्टे होते आणि ते आलटून-पालटून भिजवले जात. न भिजवलेल्या पट्ट्याला विसावा मिळे. हंगामाच्या शेवटी बांध मोडला जाई आणि आटत्या पाटांतले मासे गोळा केले जात. येथे नांगर नव्हता आणि पेरणीही नव्हती. आपोआप उगवणारी कंदवर्गीय व बियांची झाडे पाण्याने वाढवली जात. स्ट्यूअर्ड यांनी या पद्धतीला शेतीविना सिंचन म्हटले. धुळे-नाशिक भागातील फड पद्धती आणि तिच्यातील पाटकरी ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना पाळीपाळीने पाणी आणि सर्वांनी नेमलेला पाणीवाटप करणारा ही रचना सहज उमगेल. अर्थात फडामध्ये पिके पेरली जातात आणि येथे वन्य वनस्पती भिजवल्या जात, हा मूलभूत भेद विसरता कामा नये.

हाच भेद पायूटांना भोवला. १८५९ मध्ये आलेल्या लष्करी मोहिमेचा प्रमुख कॅप्टन डेव्हिडसन याने मैल मैल लांबीच्या पाटांची नोंद केली होती. तथापि नांगरट नाही म्हणजे शेती नाही, आणि शेती नाही म्हणजे मालकी नाही, हा वसाहतकारांचा हिशेब होता. ज्या कुरणांना त्यांनी निसर्गाची देणगी मानले, ती प्रत्यक्षात माणसांच्या श्रमाने हिरवी राहिलेली होती.

३. ‘मोकळी जमीन’ आणि तिची किंमत

खोऱ्याला मिळालेले इंग्रजी नावही या दृष्टीने सूचक आहे. जॉन फ्रेमाँट यांच्या १८४५ च्या मोहिमेतील रिचर्ड ओवेन्स या सहकाऱ्याचे ते नाव. आणि या ओवेन्सने ते खोरे कधी पाहिलेही नव्हते, असे सांगितले जाते. १८६१ मध्ये आसपासच्या खाणवस्त्यांना मांस पुरवण्यासाठी गुरांचे कळप खोऱ्यात आणले गेले. गुरांनी नेमकी तीच भिजवलेली कुरणे खाल्ली. त्या वर्षीचा हिवाळा कडक होता. भुकेलेल्या पायूटांनी गुरे मारली आणि संघर्षाला तोंड फुटले. ४ जुलै १८६२ रोजी लष्कराने तळ ठोकला आणि त्याला कँप इंडिपेंडन्स असे नाव दिले. कोणाच्या तरी स्वातंत्र्यदिनी कोणाचे तरी स्वातंत्र्य संपले. १८६३ च्या जुलैमध्ये नऊशेहून अधिक पायूटांना पहाऱ्यात चालवत दक्षिणेकडील फोर्ट टेहोन येथे नेण्यात आले. अनेकजण निसटून परत आले. १८६५ च्या जानेवारीत ओवेन्स सरोवराकाठी झालेल्या हल्ल्यात स्त्रिया व मुलेही मारली गेली. परतलेले पायूट पुढे स्वतःच्याच भूमीवर गोऱ्या शेतकऱ्यांकडे मजुरीला राहिले आणि त्यांच्या पाटांच्या जागी शेतकऱ्यांचे पाट आले.

१८६६ मध्ये इन्यो परगणा स्थापन झाला. सेरो गोर्डोच्या खाणींतील चांदी सरोवर ओलांडून नेण्यासाठी १८७२ मध्ये ‘बेसी ब्रेडी’ नावाची आगबोट चालू झाली, आणि १८८३ मध्ये अरुंदमापी रेल्वे सरोवराकाठच्या कीलर गावी पोचली. ज्या सरोवरात आगबोट चालत होती, ते पन्नास-पंचावन्न वर्षांत कोरडे पडले, हे पुढील इतिहासाच्या दृष्टीने लक्षात ठेवणे इष्ट.

इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी १८९३ मध्ये शिकागो येथे वाचलेल्या निबंधात ‘फ्रंटियर’ म्हणजे सीमान्त प्रदेश ही अमेरिकी इतिहासाची गुरुकिल्ली मानली. मोकळी जमीन, तिचे पश्चिमेकडे सरकत जाणे आणि त्यातून घडलेले व्यक्तिस्वातंत्र्य, ही त्यांच्या विवेचनाची सूत्रे होत. या विवेचनाचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. त्यावरील आक्षेपही आता सर्वपरिचित आहेत. ओवेन्स खोऱ्याच्या संदर्भात त्याच्या दोन उणिवा स्पष्ट होतात. एक, जमीन मोकळी नव्हती. ती मोकळी करण्यात आली. दुसरी, कोरड्या पश्चिमेत जमीन हे एकक पुरेसे नाही. पाण्यावाचून जमिनीला अर्थ नाही. सीमान्ताची रेषा नकाशावर जमिनीतून जाते, प्रत्यक्षात ती पाण्यातून जाते.

४. ‘द लँड ऑफ लिटल रेन’ : पाण्याच्या अंगाने प्रदेश

इलिनॉयमधील कार्लिनव्हिल येथे जन्मलेल्या मेरी हंटर १८८८ मध्ये कुटुंबासह कॅलिफोर्नियात आल्या. १८९१ मध्ये त्यांचा स्टॅफर्ड वॉलेस ऑस्टिन यांच्याशी विवाह झाला आणि पुढील वर्षी हे दांपत्य ओवेन्स खोऱ्यात आले. लोन पाइन, बिशप आणि इंडिपेंडन्स येथील वास्तव्यात ऑस्टिन मेंढपाळ, खाणशोधक आणि पायूट स्त्रिया यांच्या सहवासात राहिल्या. ‘द लँड ऑफ लिटल रेन’मधील १४ निबंध या दहा-अकरा वर्षांच्या निरीक्षणाचे फळ होत.

या पुस्तकात सलग कथानक नाही, नायक नाही, इतिहासक्रम नाही. त्याला एकत्र बांधणारे सूत्र पाण्याचे आहे. वाळवंटातल्या झऱ्याकडे जाणाऱ्या प्राण्यांच्या पाऊलवाटा, ओढ्याकाठच्या वनस्पती, पर्वतावरची वादळे, पाटांच्या कडेचे जीवन, असे एकेक प्रकरण पाण्याच्या एकेका अवस्थेपाशी थांबते. कोणता प्राणी पाण्यापासून किती अंतरावर राहू शकतो, कोणते झुडूप दिसले म्हणजे पाणी किती खोल आहे, हे ज्ञान येथे शोभेसाठी आलेले नाही. ते जगण्याचे ज्ञान आहे आणि माणसालाही त्याच नियमांखाली मोजणारे आहे.

तीन निबंधांच्या आधारे हा मुद्दा अधिक स्पष्ट करता येईल.

पहिला निबंध शेजाऱ्याच्या शेताविषयीचा आहे. गावाच्या कडेला, केअरसार्ज पर्वताच्या उतारापाशी असलेल्या एका शेताची ही हकीकत. ते शेत पायूटांकडून गोऱ्या गुरेवाल्यांकडे आणि नंतर हस्तांतर होत होत शेजाऱ्याकडे आले. लेखिका शेताचे मालक जितक्या तपशिलाने सांगते, तितक्याच तपशिलाने तेथे परतू पाहणाऱ्या रानवनस्पतींची चाल सांगते. मालकीचा इतिहास आणि वनस्पतींचा इतिहास एकाच जमिनीवर शेजारी शेजारी चालतात. शेजाऱ्याला ऑस्टिन यांनी नाबोथ हे नाव दिले आहे. बायबलच्या जुन्या करारातील या कथेत अहाब राजाला नाबोथचा द्राक्षमळा हवा असतो. वाडवडिलांची जमीन द्यायला नाबोथ नकार देतो आणि राणीच्या कारस्थानाने जिवाला मुकतो. निबंधात या नावाला खेळकर छटा आहे. कारण शेताचा मोह निवेदिकेलाच पडलेला असतो. शेवटी हे शेत पुढेमागे गावठाणात जाईल, त्यावर घरे होतील, अशी खंत सूचित केली आहे. इतिहासाने या दोन्ही गोष्टींना वेगळाच अर्थ दिला. अहाब खरोखरच आला, पण तो शेजारचा नव्हता. आणि गाव वाढलेच नाही. इंडिपेंडन्सची लोकसंख्या एकविसाव्या शतकातही हजाराच्या आतच राहिली आहे. गाव वाढून शेत गिळील, ही भीती लेखिकेला होती. पाणी जाऊन गाव आणि शेत दोन्ही खुंटतील, हे तिच्या कल्पनेत येणे शक्य नव्हते.

दुसरा निबंध टोपल्या विणणाऱ्या सेयावी या पायूट स्त्रीविषयी आहे. तिचा जोडीदार गोऱ्यांशी झालेल्या लढायांत मारला जातो. कडू सरोवराकाठच्या अखेरच्या पराभवाची छाया तिच्या कथेवर आहे. लहान मुलाला घेऊन ती खडकांत लपून राहते, कंदमुळांवर जगते आणि मुलाला वाढवते. तिच्या टोपल्यांवर लावी पक्ष्याच्या तुऱ्याची नक्षी असते. ऑस्टिन यांच्या दृष्टीने ही नक्षी प्रदेशाच्या अनुभवातून उगवलेली आहे. टोपलीची कामटी ओढ्याकाठच्या विलोची, नक्षी ओढ्यावर येणाऱ्या पक्ष्याची आणि विणकाम निभावून नेलेल्या आयुष्याचे. कला आणि परिसर यांचा अनुबंध सांगणारे इतके संयत विवेचन त्या काळात विरळा आहे. वृद्धापकाळी सेयावी आंधळी होते आणि इतर म्हाताऱ्या स्त्रियांसोबत वस्तीवर बसून असते. लेखिका तिची कीव करीत नाही.

तिसरा निबंध पाटांच्या पाण्याविषयीचा. एका हंगामात एकाच ओढ्यावर दोघांचे हक्क, त्यावरून बंदुका, गोळीबार आणि मृत्यू, यांचे उल्लेख त्यात आहेत. एक शेतकरीण लांब दांड्याचे फावडे मांडीवर घेऊन पाटाच्या तोंडाशी दिवसभर विणकाम करीत बसते आणि मुले तिचे जेवण तेथेच आणून देतात. पाणी आपल्याच शेतात वळलेले राहावे म्हणून. या प्रसंगात विनोद आहे, परंतु हक्काचे स्वरूपही आहे. येथे पाण्याचा हक्क कागदावर असण्यापेक्षा पाटाच्या तोंडाशी बसलेल्या देहात असतो. भांडणारे दोघे एकमेकांना ओळखतात. वादाची सीमा ओढ्याएवढी आहे. पुढे काही वर्षांतच पाण्याचा वाद ज्या पातळीवर गेला, तेथे पाटाच्या तोंडाशी फावडे घेऊन बसण्याला अर्थ उरला नाही.

५. पाण्याचे स्थलांतर

१९०० मध्ये लॉस एंजेलिसची लोकसंख्या सुमारे १ लाख होती आणि ती झपाट्याने वाढत होती. शहराचे माजी महापौर फ्रेड ईटन यांनी ओवेन्स खोऱ्यात जमिनी व पाण्याचे हक्क विकत घेण्यास सुरुवात केली. त्याच सुमारास संघराज्याचे भूसुधारखाते या खोऱ्यातील शेतीसाठी सिंचनयोजनेची पाहणी करीत होते. त्या खात्याचे कॅलिफोर्नियातील प्रमुख अभियंते जे. बी. लिपिंकॉट हे शहराचेही सल्लागार होते. शेतकऱ्यांची समजूत अशी झाली की जमिनी सरकारी योजनेसाठी घेतल्या जात आहेत. २९ जुलै १९०५ रोजी वृत्तपत्रातून शहराची योजना जाहीर झाली, तेव्हा महत्त्वाचे हक्क शहराच्या हाती गेलेले होते.

ऑस्टिन दांपत्याचा या घटनेशी थेट संबंध आहे. स्टॅफर्ड ऑस्टिन इंडिपेंडन्स येथील सरकारी भूमिकार्यालयात निबंधक होते. त्यांनी १९०५ मध्ये वॉशिंग्टनकडे तक्रार केली. मेरी ऑस्टिन यांनी त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’मध्ये लेख लिहून खोऱ्याची बाजू मांडली. उपयोग झाला नाही. जास्तीत जास्त लोकांचे हित शहराला पाणी देण्यात आहे, असा कौल अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०६ मध्ये दिला. शहराचे पाणीप्रमुख विल्यम मलहॉलंड यांच्या देखरेखीखाली कालव्याचे बांधकाम १९०८ मध्ये सुरू झाले. २३३ मैलांचा, केवळ उताराच्या बळावर वाहणारा हा कालवा ५ नोव्हेंबर १९१३ रोजी खुला झाला. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते असामान्य काम होते, हे मान्यच केले पाहिजे.

इंडिपेंडन्सच्या उत्तरेस नदी कालव्यात वळवली गेली आणि खालचे सुमारे ६० मैलांचे पात्र कोरडे पडले. १९२० च्या दशकात दुष्काळ पडला, शहराने आणखी जमिनी घेतल्या आणि शेतकऱ्यांनी प्रतिकार केला. १९२४ च्या मे महिन्यात कालवा सुरुंगाने उडवण्यात आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोन पाइनजवळची अलाबामा दारे लोकांनी ताब्यात घेऊन चार दिवस पाणी नदीत सोडले. १९२७ मध्ये प्रतिकाराचे पुढारी असलेल्या वॉटरसन बंधूंच्या बँका बुडाल्या, ठेवीदारांचे पैसे गेले आणि प्रतिकारही संपला. तोवर ओवेन्स सरोवर जवळजवळ कोरडे झाले होते. पायूटांचे पाणी शेतकऱ्यांनी घेताना जो युक्तिवाद होता, त्याच जातीचा युक्तिवाद शहराने शेतकऱ्यांविरुद्ध वापरला : तुमच्यापेक्षा आम्ही या पाण्याचा अधिक चांगला उपयोग करू.

ऑस्टिन यांनी ‘द फोर्ड’ (१९१७) या कादंबरीत हे आशयसूत्र पुन्हा हाताळले. तेथे खोरे काल्पनिक आहे आणि पाणी मागणारे शहर सॅन फ्रान्सिस्को आहे. शहराच्या कारस्थानाइतकाच शेतकऱ्यांना एकत्र येता न येण्याचा दोष तेथे अधोरेखित होतो. पाटावरच्या भांडणांकडे ज्या लेखिकेने १९०३ मध्ये मिस्किलपणे पाहिले होते, तिलाच पुढे त्या भांडखोरपणात पराभवाचे बीज दिसले, असा अर्थ त्यातून काढता येतो.

६. उरलेला प्रदेश

कालव्यानंतर खोऱ्याचा इतिहास संपला नाही. तो विस्थापनाचा इतिहास झाला. मंझनार हे त्याचे ठळक स्थळ. स्पॅनिशमध्ये या नावाचा अर्थ सफरचंदाची बाग. तेथे प्रथम पायूट होते, नंतर १९१० च्या सुमारास फळबागायतदारांची वसाहत झाली, १९२० च्या दशकात शहराने जमिनी घेतल्या आणि बागा वाळल्या. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर १९४२ मध्ये याच जागेवर जपानी वंशाच्या लोकांसाठी छावणी उभारण्यात आली. एका वेळी तेथे १० हजारांहून अधिक माणसे कोंडली होती आणि त्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकी नागरिक होती. त्यांनी बेवारस पडलेली फळझाडे छाटून, पाणी देऊन पुन्हा फळती केली आणि बराकींच्या मध्ये बागा रचल्या. रिकामी केलेली जमीन रिकामी दिसते म्हणून पुन्हा वापरली जाते, हा क्रम येथे स्पष्ट दिसतो.

निसर्गाच्या बाजूनेही हिशेब मांडला पाहिजे. कोरड्या सरोवराच्या तळावरून क्षारयुक्त धुळीची वादळे उठू लागली आणि हा तळ अमेरिकेतील सूक्ष्म धूलिकणांचा सर्वांत मोठा एकस्थानी स्रोत ठरला. १९९८ च्या करारानंतर २००१ पासून शहराला तळाच्या काही भागावर पाणी पसरावे लागले, तेव्हा क्षारमाश्या आणि पाणपक्षी परतले. २००६ च्या डिसेंबरमध्ये नदीच्या खालच्या पात्रात मर्यादित प्रवाह पुन्हा सोडण्यात आला. ओवेन्स पपफिश हा बोटाच्या दोन पेरांएवढा मासा नामशेष झाला असे मानले जात होते. तो १९६४ मध्ये एका दलदलीत पुन्हा आढळला. १९६९ च्या ऑगस्टमध्ये ते डबके आटू लागले, तेव्हा जीवशास्त्रज्ञ फिल पिस्टर यांनी उरलेले सुमारे आठशे मासे दोन बादल्यांतून दुसरीकडे नेले. एका जातीचे सारे अस्तित्व काही काळ दोन बादल्यांत होते.

पायूटांच्या हक्काचे काय झाले? १९३७ च्या कायद्याने आणि त्यानंतरच्या १९३९ च्या जमीन-अदलाबदलीने बिशप, बिग पाइन आणि लोन पाइन येथे त्यांना राखीव जमिनी मिळाल्या. जमिनीची अदलाबदल झाली, पाण्याच्या हक्काची मात्र झाली नाही. ज्यांनी या खोऱ्यात सर्वांत प्रथम पाट काढले, त्यांचाच पाण्याचा हक्क कागदावर सर्वांत अपुरा राहिला.

७. प्रदेशलेखनाची कसोटी

या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर ऑस्टिन यांच्या पुस्तकाचे मूल्यमापन कसे करावे? त्याला केवळ निसर्गलेखन म्हणणे अपुरे आहे. कारण त्यातील निसर्ग माणसांच्या हक्कांनी, भुकेने आणि स्मरणाने व्यापलेला आहे. मेंढपाळांवरील ‘द फ्लॉक’ (१९०६) या पुढील पुस्तकातही कळप, कुरण आणि कायदा यांचे नाते त्याच दृष्टीने येते. वाळवंट हे मृत नसते, ही त्यांची भूमिका त्या काळच्या सार्वत्रिक समजुतीला छेद देणारी आहे.

तरीही मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. सेयावीच्या टोपलीकडे इतक्या आस्थेने पाहणाऱ्या या पुस्तकातील १४ निबंधांपैकी एकही पायूटांच्या पाटव्यवस्थेला वाहिलेला नाही. टोपली दिसली, कारण ती हातात धरता येते आणि कलावस्तू म्हणून ओळखता येते. पाट दिसले नाहीत, कारण तोवर ते दुसऱ्यांचे झाले होते. मूळ रहिवाशांना कलावंत म्हणून गौरवणे आणि पाण्याचे व्यवस्थापक म्हणून न ओळखणे, ही सहानुभूतीनेही होऊ शकणारी चूक आहे. शीर्षक आकाशाकडे पाहणारे का झाले, याचे एक कारण येथे सापडते. आणि या शीर्षकाने नकळत त्याच प्रतिमेला बळ दिले, जिच्या आधारे हे पाणी शहरात अधिक उपयोगी पडेल असे म्हणणे सोपे गेले. लेखिकेने पुढे त्या योजनेला विरोध केला, म्हणून हा विरोधाभास अधिकच बोलका ठरतो.

मराठी प्रादेशिक साहित्याच्या अभ्यासकाला येथे व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’चे (१९५५) स्मरण होणे स्वाभाविक आहे. माणदेशातील मेंढपाळांची वस्ती, अवर्षण आणि अखेरीस ओस पडणारी वाडी हा तिचा विषय. दोन्ही कृतींत सलग कथानकाऐवजी प्रदेशाचाच जीवनक्रम रचनेला आकार देतो आणि दोन्हींत कोरडी भूमी दरिद्री म्हणून हिणवली जात नाही. परंतु साम्यापेक्षा भेद अधिक शिकवतो. बनगरवाडी पाऊस न आल्याने उठते. ओवेन्स खोऱ्यातील वस्त्या पाणी असूनही उठल्या. एका ठिकाणी निसर्गाचा कोप आहे, दुसऱ्या ठिकाणी व्यवहाराचा. एका प्रदेशाच्या अभ्यासातील निकष दुसऱ्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. विचारावयाचा प्रश्न मात्र समान आहे : या कृतीत जमीन कोरडी आहे असे म्हटले जाते, तेव्हा ते कोण म्हणतो, कोठे उभा राहून म्हणतो आणि त्याच्या म्हणण्याने पुढे काय घडते?

समारोप

ओवेन्स खोऱ्याचा मानवी इतिहास आणि निसर्ग-इतिहास वेगळे काढता येत नाहीत. दोन्हींना जोडणारा धागा पाण्याचा आहे. ‘सीमान्त प्रदेश’ ही संकल्पना जमिनीला केंद्रस्थानी ठेवते आणि म्हणून तिला पाट, पाटकरी आणि पाळी दिसत नाहीत. ऑस्टिन यांनी प्रदेश पाण्याच्या अंगाने वाचला आणि म्हणून त्यांचे पुस्तक, पुढे नाहीशा झालेल्या एका नात्याची विश्वसनीय नोंद ठरले. जे त्यांना दिसले नाही, तेही त्यांच्या पुस्तकाच्या अभ्यासाचा भाग मानले पाहिजे. प्रादेशिक कृतीचा अभ्यास करताना लेखकाने दिलेल्या नावाबरोबर तेथील लोकांनी त्या भूमीला दिलेले नावही शोधावे लागते. अल्प पावसाची भूमी आणि सतत वाहत्या पाण्याची भूमी ही दोन्ही नावे शेजारी ठेवली म्हणजेच खोऱ्यातून काय गेले, हे कळते. पाऊस तेथे पूर्वीही अल्प होता आणि आजही अल्पच आहे. बदलले ते दुसरे नाव खरे ठरवणारे पाणी.